नगरपालिकेची बिअर आणि बायकांची मडकी

गेल्या पावसाळ्यात एका माजी विद्यार्थ्याचा रात्री साडेअकरा वाजता फोन आला. बी.ए.ला इतिहासात चांगले गुण मिळवलेला मुलगा. नोकरी मिळाली नाही म्हणून पुण्याला गेला. सध्या तो अशा एका हॉटेलात वेटर आहे, जिथे गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत, काचेच्या भिंतीमागे, मोठमोठ्या टाक्यांमध्ये बिअर आंबत असते. तिला 'क्राफ्ट बिअर' म्हणतात. फळ्यावर खडूने लिहिलेले असते : हातची, थोडीथोडी केलेली, आज ज्वारीची, उद्या आंब्याची. एका ग्लासात त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते.

"सर, एक प्रश्न विचारतो," तो म्हणाला. "हे लोक हातची आहे म्हणून जास्त पैसे घेतात. माझी आजी हातची करायची म्हणून पोलीस तिला धरून न्यायचे. मधल्या काळात बदललं काय?"

मी परवाना, कर, कायदा असे काहीतरी पुस्तकी बोललो. त्याची सुट्टी संपली होती, त्याने फोन ठेवला. पण प्रश्न माझ्याकडेच राहिला. त्याने स्वतःच्या आजीविषयी विचारले होते, मला मात्र माझी आठवली.

या नियतकालिकात बिअरचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान करणार नाही ही एक आहे, आणि मी पीत नाही. त्याआधी पाऊणशे वर्षे, पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, जोतीराव फुल्यांनी वाढत्या गुत्त्यांविरुद्ध नगरपालिकेला लिहिले होते. दारूने आपल्या वस्त्यांची काय दशा केली हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. पण माझी आजी, आईची आई, मी चौथीत जाईपर्यंत हातभट्टी लावत होती हेही तितकेच खरे आहे. तिच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. चौदा एप्रिलला ती भट्टी पेटवत नसे. दोनदा ती पोलीस ठाण्यात रात्र काढून आली. आईचे सातवीपर्यंतचे शिक्षण आणि माझी पहिली वह्या-पुस्तके त्याच काळ्या गुळाच्या आणि नवसागराच्या पैशांतून झाली. नोकरीच्या मुलाखतीत घरची माहिती विचारली तेव्हा मी 'आजी शेतमजूर' असे सांगितले. ते खोटे नव्हते. पुरे मात्र नव्हते.

आपल्याकडचा हा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला. 1892 साली मोहाचा स्वतंत्र कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुले जवळ बाळगण्यावरसुद्धा बंधने आली. झाडाखाली पडलेले फूल उचलणारा आदिवासी गुन्हेगार ठरला. हे सर्व सरकारच्या बाजूने नोंदलेले आहे. भट्टी लावणाऱ्या बाईच्या बाजूने नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी दक्षिण आफ्रिकेकडे वळलो. तेथील इतिहासकारांनी नगरपालिकांचे हिशेब, पोलिसांच्या नोंदी आणि बायकांच्या आठवणी एकत्र मांडून हा विषय उलगडला आहे. आणखी एक कारण आहे. तिथली जुनी बिअर ज्वारीची. ज्वारी मूळची आफ्रिकेतलीच. हजारो वर्षांपूर्वी ती तिकडून इकडे आली आणि आपली भाकरी झाली.

झुलू भाषेत या बिअरला उत्श्वाला म्हणतात, खोसा भाषेत उम्क्वोम्बोथी. ज्वारी भिजवायची, तिला मोड आणायचे, मोड उन्हात वाळवायचे, मग दळायचे. मक्याचे किंवा ज्वारीचे पीठ कालवून आंबट होऊ द्यायचे, शिजवायचे, गार करायचे, त्यात मोडाचे पीठ घालून पुन्हा आंबवायचे, गवताच्या विणलेल्या गाळणीतून गाळायचे. नाचणीच्या किंवा ज्वारीच्या आंबिलीवर वाढलेल्या माणसाला यातले निम्मे काम ओळखीचे वाटेल. हिच्यात मद्यार्काचे प्रमाण साधारण तीन टक्के. ती दाटसर असते, पोटही भरते. उखांबा नावाच्या गोल, काळ्या मातीच्या भांड्यातून ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरते. पूर्वजांना आधी, माणसांना नंतर. ती टिकत नाही. दोन-चार दिवसांत उतरते, म्हणून लांबवर नेता येत नाही. प्रत्येक घरची चव निराळी. आणि हे काम पूर्णपणे बायकांचे. आज ज्याला क्राफ्ट म्हणून मिरवले जाते, त्याची सगळी लक्षणे इथे आहेत : थोडे प्रमाण, ताजेपणा, गावागणिक चव, करणाऱ्या हाताची ओळख.

आता प्रश्न असा की, ही बिअर एका शहरात चांगली, दुसऱ्यात वाईट, तिसऱ्यात दुर्मिळ कशी झाली? बिअरचे जाणकार अशा वेळी पाण्याविषयी, हवेविषयी बोलतात. दक्षिण आफ्रिकेत नकाशा पाण्याने काढला नाही, कायद्याने काढला.

दर्बान हे नाताळ वसाहतीतले बंदर. हमाली करायला, गोऱ्यांच्या घरी राबायला खेड्यांतून हजारो आफ्रिकी पुरुष येत. त्यांच्यामागे बिअर विकणाऱ्या बायका आल्या. गोऱ्या नागरिकांना मजूर हवे होते, पण त्यांच्या राहण्याचा खर्च नको होता. 1908 च्या 'नेटिव्ह बिअर' कायद्याने यावर तोड काढली. ज्वारीची बिअर करण्याचा आणि विकण्याचा मक्ता नगरपालिकेला घेता येईल, आणि तो घेतल्यावर शहरात इतर कुणी ती विकली तर तो गुन्हा होईल, असे ठरले. 1909 पासून दर्बान नगरपालिका स्वतः बिअर करू लागली. तिने बिअर-हॉल उघडले. लांब बाके, भोवती भिंत, दारात शिपाई. आपल्या भाषेत सांगायचे तर नगरपालिकेचा गुत्ता. त्याचा नफा 'नेटिव्ह' प्रशासनाच्या वेगळ्या निधीत जमा होई आणि त्यातून मजुरांच्या बराकी, वसतिगृहे, कचेरी आणि पोलीस यांचा खर्च भागे. म्हणजे आफ्रिकी माणूस जी बिअर प्यायचा, तिच्याच पैशातून त्याला वेगळे ठेवणारी व्यवस्था उभी राहिली. आणि ती बिअर करणाऱ्या बाईला पकडणाऱ्या शिपायाचा पगारही त्यातूनच निघायचा. गोऱ्या करदात्याच्या खिशाला फारसा धक्का नाही. ही युक्ती इतकी फायद्याची ठरली की तिला 'दर्बान पद्धत' असे नाव पडले, आणि 1923 च्या नागरी क्षेत्र कायद्याने तिची वाट साऱ्या देशाला मोकळी करून दिली.

प्रत्येक शहराने मात्र ती स्वीकारली नाही, आणि येथूनच प्रदेशाप्रदेशातला फरक सुरू होतो. ब्लूमफाँटेनमध्ये घरगुती बिअरला मर्यादित मुभा मिळाली, पण 1925 साली धाडीवरून दंगल होऊन रक्त सांडल्यानंतर. सोन्याच्या खाणींनी आपल्या आवारात स्वतःची बिअर करून मजुरांना शिधा म्हणून दिली, कारण तिने स्कर्व्हीला आळा बसतो असे डॉक्टरांचे मत होते आणि आजारी मजूर खाणीला परवडत नसे. पश्चिमेकडच्या केप प्रांतात ज्वारीचा प्रश्नच निराळा. तिथल्या द्राक्षमळ्यांत 'डॉप' पद्धत होती : मजुरीचा काही भाग हलक्या वाइनच्या रूपात, दिवसातून अनेकदा, कामावरच द्यायचा. कायद्याने बंदी आल्यावरही ही पद्धत कित्येक मळ्यांवर पुढे अनेक वर्षे चालत राहिली. दर्बानचा माणूस स्वतःच्या पैशाने स्वतःचा तुरुंग बांधत होता. केपच्या मळ्यावरच्या माणसाच्या हातात पैसा पडतच नव्हता.

जोहान्सबर्गची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. तिथे 1930 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत नगरपालिकेचा बिअर-हॉल नव्हता, आणि घरी करून विकण्यालाही बंदी. मग बिअर बंद झाली काय? एलेन हेलमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1933 च्या सुमारास शहरातल्या रूईयार्ड नावाच्या चाळवजा वस्तीचा अभ्यास केला. तिथल्या बहुतेक बायका बिअर करून विकताना त्यांना आढळल्या. नवऱ्याच्या मजुरीत महिना निघत नव्हता. डबे जमिनीत पुरलेले, वर माती सारवलेली, गल्लीच्या तोंडाशी पहारा. पण ज्वारीच्या बिअरला कित्येक दिवस लागतात, मोड आणण्यापासून धरले तर आठवडाही जातो, आणि पोलीस कुठल्याही रात्री येऊ शकतो. मग बाई काय करील? ती वेळ वाचवील. यीस्ट, साखर आणि पाणी घेऊन एका दिवसात तयार होणारी पेये निघाली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध स्कोकियान. थोडक्यात जास्त चढावी म्हणून कुणी त्यात कार्बाइड घाली, कुणी मेथिलेटेड स्पिरिट. पुढे वर्तमानपत्रांनी आणि पाद्रीबुवांनी लिहिले की या बायका विष विकतात. विष होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते मडक्यात आधी कुणी कालवले, हे कोणी लिहिले नाही. सावकाश आंबणाऱ्या, पोट भरणाऱ्या तीन टक्क्यांच्या बिअरची जागा एका रात्रीत पेटणाऱ्या पेयाने घेतली, ती धाडीच्या भीतीने.

हे वाचताना मी थांबलो. आजीच्या भट्टीतला नवसागर मला आता वेगळा दिसू लागला. लवकर उरकावे लागे, कारण ओढ्याकाठी धूर दिसला की कुणीतरी वर्दी देई. पूर्वी मोहाची केली जाई, ती सावकाश असे, असे ती कधीकधी सांगे. मी ते म्हातारीचे गुणगान समजत होतो.

नाताळच्या बायकांकडे परत जाऊ, कारण त्यांनी जे केले ते आपल्या मध्यमवर्गीय दारूबंदीच्या कल्पनेत बसत नाही. 1929 साली दर्बानमध्ये बिअर-हॉलवर बहिष्कार सुरू झाला. त्यामागे आय.सी.यू. या कामगार संघटनेची नाताळ शाखा आणि तिचे पुढारी ए. डब्ल्यू. जी. चॅम्पियन होते. 17 जून 1929 रोजी गोऱ्यांच्या जमावाने संघटनेच्या सभागृहाला वेढा घातला. दंगलीत सहा आफ्रिकी आणि दोन गोरे मेले, सव्वाशेच्या आसपास जखमी झाले. बहिष्कार वर्षाहून अधिक टिकला. त्याच वर्षी शहराबाहेर, लेडीस्मिथ, वीनेन, डंडी अशा लहान गावांमधून बायका हातात काठ्या घेऊन, गाणी म्हणत बिअर-हॉलवर चालून गेल्या. आत बसलेल्या पुरुषांना त्यांनी झोडपून बाहेर काढले. 1928 च्या दारू कायद्यानंतर घरगुती बिअरवरचे निर्बंध खेड्यापाड्यांपर्यंत पोचले होते. घरात मडके ठेवले तर शिक्षा, आणि नवरा मजुरी घेऊन सरकारी गुत्त्यात. दोन्हीकडून चूल विझत होती.

या बायका दारूबंदीवाल्या होत्या काय? नव्हत्या. त्यांचे म्हणणे सरळ होते : गुत्ता बंद करा, आम्हाला घरी करू द्या. आपल्याकडच्या दारूबंदीच्या मोर्च्यांत जाणाऱ्या बायकांविषयी मला नितांत आदर आहे, माझी आई त्यांतली एक. पण आईच्या मोर्च्याचा रोख शेवटी तिच्याच आईच्या चुलीवर गेला, गावातल्या परवानाधारक दुकानावर गेला नाही, हे मी पाहिले आहे. ते दुकान आजही तिथेच आहे.

तीस वर्षांनी, पुन्हा जून महिन्यातच, दर्बानजवळच्या केटो मॅनॉरमध्ये तेच घडले. या वस्तीची जमीन बहुतांशी भारतीयांची. 1860 पासून गिरमिटिया म्हणून आलेल्यांनी करार संपल्यावर इथे भाजीचे मळे केले होते. त्या जमिनीवर आफ्रिकी कुटुंबे झोपड्या बांधून भाड्याने राहत. तुडवलेल्यांच्या पायाखालीही आणखी कुणीतरी असते, ही गोष्ट बाबासाहेबांच्या वाचकाला नवी नाही. जानेवारी 1949 च्या आफ्रिकी-भारतीय दंगलीत याच भागात आग लागली होती. 1950 च्या दशकात केटो मॅनॉर हे घरगुती बिअरचे मोठे आगर झाले. एकट्या बायका, विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, पास नसल्याने शहरात नोकरी न मिळणाऱ्या, सगळ्यांना आधार मडक्याचा. जून 1959 मध्ये टायफॉइडची साथ रोखण्याच्या नावाखाली नगरपालिकेच्या माणसांनी वस्तीतली पिंपे फोडून, मडकी उपडी करून बिअर मातीत ओतली. 18 जूनला बायका बिअर-हॉलसमोर जमल्या. आकडा दोन हजारांच्या घरात सांगतात. त्या आत घुसल्या, पिणाऱ्या पुरुषांना बडवले, नगरपालिकेची बिअर ओतून दिली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, मग इमारती आणि वाहने पेटली, बहिष्कार नाताळभर पसरला. डोरोथी न्येंबे, फ्लॉरेन्स म्खिझे या कार्यकर्त्या या चळवळीतून पुढे आल्या. पुढच्या जानेवारीत, 1960 साली, धाडीवर गेलेले नऊ पोलीस जमावाने मारले. त्याचा सूड पुढे वस्तीवरच उगवला. क्वामाशू या लांबच्या वसाहतीत हलवण्याचे काम आधीच सुरू होते, ते आता जोरात पूर्ण करण्यात आले.

इतिहासाच्या पुस्तकात ही 'बिअर दंगल' म्हणून येते. नाव मला पटत नाही. मडके फोडले जात होते तेव्हा बाई काय वाचवत होती? त्या काळातल्या बायकांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते : मुलांच्या शाळेची फी बिअरमधून भरली. गोऱ्या मुलांचे शिक्षण मोफत होते. आफ्रिकी मुलांची फी, पुस्तके आणि गणवेश आईबापांच्या माथी. तेव्हा तीच ज्वारी, तेच पाणी. बायकांच्या मडक्यातून शाळा निघत होती, नगरपालिकेच्या टाकीतून बराक.

तोवर आफ्रिकी माणसाला बाटलीबंद बिअर, वाइन, व्हिस्की विकत घेण्याची बंदी होती. 'युरोपीय' पेय त्याला झेपणार नाही, असा युक्तिवाद. ज्वारीच्या बिअरचे सरकारी नावसुद्धा आफ्रिकी माणसाला दिल्या जाणाऱ्या शिवीवरून पाडलेले होते. पुढे ते 'बांटू बिअर' झाले, आणखी पुढे 'सोरघम बिअर'. नावे बदलली की व्यवस्था धुऊन निघते असे समजणारे सगळीकडे सारखेच. 1961 च्या दुरुस्तीने ही बंदी उठली आणि ऑगस्ट 1962 पासून आफ्रिकी माणूस दुकानातून बाटली घेऊ लागला. शार्पविलचा गोळीबार होऊन दोन वर्षे झाली होती, आणि मतदानाचा अधिकार दृष्टिपथातही नव्हता. माणूस म्हणून पहिला समान हक्क मिळाला तो बाटलीचा. साउथ आफ्रिकन ब्रुअरीज ही 1895 ची कंपनी 1956 साली दोन मोठ्या स्पर्धकांना पोटात घेऊन बसलीच होती. तिला हवे असलेले गिऱ्हाईक कायद्याने तिच्या दारात आणून सोडले.

आणि मग 16 जून 1976. सोवेटोची मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली, गोळ्या झेलल्या, आणि संध्याकाळपासून त्यांनी काय जाळले? प्रशासन मंडळाच्या कचेऱ्या, बिअर-हॉल आणि दारूची दुकाने. दारू कमी करा, शिक्षण चांगले द्या, अशी मागणी त्यांनी केली. या मंडळांचा कारभार बऱ्याच अंशी बिअरच्या उत्पन्नावर चालत होता, हे मुलांना हिशेबाची वही न उघडता ठाऊक होते. त्यांच्या आज्यांनी 1929 आणि 1959 साली हाच पत्ता गाठला होता. फरक एवढाच की आज्या घरी परत जाऊन मडके चढवणार होत्या, मुलांना मडकेही नको होते. ही तेढ मला आमच्या घरातही दिसते, आजी आणि आई यांच्यात. मी तिचा निकाल लावू शकलेलो नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. 1990 च्या सुमारास सरकारने ज्वारीच्या बिअरचा धंदा नॅशनल सोरघम ब्रुअरीज या कंपनीकडे दिला आणि काळ्या भागधारकांना समभाग विकले. गाजावाजा मोठा झाला, कंपनी मात्र डबघाईला आली. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचा बिअरचा व्यवसाय विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाकडे गेला. नंतर तो डिआजिओ या ब्रिटिश कंपनीकडे आणि 2020 मध्ये झिम्बाब्वेच्या डेल्टा कंपनीकडे गेला. झुलू बाईच्या मडक्यातली बिअर दर्बानच्या नगरपालिकेमार्गे बंगळूरच्या मालकाकडे, तिथून लंडनला, मग हरारेला. या प्रवासात ती मोठ्या कारखान्यात, कागदी खोक्यात शिरली. कुठेही घ्या, चव एकच. ती कधी बाईकडे परत आली नाही.

आता क्राफ्टची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेत तिची सुरुवात 1983 पासून मोजतात. साउथ आफ्रिकन ब्रुअरीजमधून बाहेर पडलेल्या लेक्स मिचेल यांनी त्या वर्षी केपच्या किनाऱ्यावरच्या नाइस्ना गावी लहान ब्रुअरी काढली. मिचेल यांचे कौशल्य मी नाकारत नाही. पण 1983 हे 'सुरुवातीचे' वर्ष मानणारा इतिहास कुणाला मोजत नाही, हे उघड आहे. 2010 नंतर अशा ब्रुअरीज झपाट्याने वाढल्या, आणि त्यांचा सर्वांत दाट पुंजका पश्चिम केपमध्ये पडला. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. देशातले हॉप्स जॉर्जच्या परिसरात पिकतात. वाइनच्या मळ्यांमुळे पर्यटकांचा रस्ता तयार आहे. पिढीजात जमीन आहे, बँकेत पत आहे. ज्या मळ्यांवर मजुराला हलकी वाइन देऊन पगार कापला जाई, त्याच खोऱ्यांमध्ये आज प्रवासी चवीचवीने घोट घेतात. क्वाझुलू-नाताळच्या डोंगराळ भागात, फ्री स्टेटमधल्या क्लॅरेन्सला, जोहान्सबर्गच्या आसपास चांगल्या जागा आहेत. पण काळ्या वस्त्यांतल्या दुकानात गेले तर बहुधा बड्या कंपनीची तीच लागर आणि खोक्यातली सोरघम. क्राफ्ट बिअर तिथे पोचत नाही, आणि पोचली तर परवडत नाही. केप टाऊनच्या जाणकाराने 'वस्तीत बिअरची संस्कृती नाही' असे म्हटले, तर त्याला 1909 सालापासूनचे हिशेब दाखवावे लागतील.

मार्च 2020 मध्ये कोविडच्या टाळेबंदीत तिथे दारूविक्रीवर पूर्ण बंदी आली, तेव्हा सुखवस्तू घरांत अननसाची बिअर आंबू लागली. कृती छापून येऊ लागल्या, अननस महागले. लोकांनी तो विनोदाचा विषय केला. मडके तेच, लपवाछपवी तीच, फक्त कुणाच्या घरात जमीन उकरून डबे शोधले गेले नाहीत.

या सगळ्यात एक नाव मला आवर्जून घ्यावेसे वाटते. अपिवे न्क्सुसानी-मावेला. ईस्टर्न केपमधल्या बटरवर्थ गावची मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, मोठ्या कंपनीत ब्रुअर झाली, आणि मग स्वतःची ब्रुअरी काढणारी त्या देशातली पहिली काळी स्त्री ठरली. तिने आपल्या बिअरला 'तोलोकाझी' हे कुळातल्या स्त्रियांचे नाव दिले आहे, आणि ती ज्वारी वापरते. तिला 'पहिली' म्हणताना मात्र जीभ अडखळते. परवाना असलेली पहिली, एवढेच म्हणता येईल.

विद्यार्थ्याला मी यातले बरेचसे फोनवर सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे सर, आमच्या फळ्यावर जी ज्वारी लिहिली आहे, ती कुणाची?" पुण्यात अशी राज्यातली पहिली जागा 2009 साली निघाली, एवढे मला माहीत होते. तिथवर पोचायला परवाना, भांडवल, शहरातली जागा लागते हेही. तो म्हणाला, ते मला रोज दिसतं.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. आजी आता नव्वदीला टेकली आहे, ऐकू कमी येते, नजर शाबूत आहे. मोबाइलवर मी तिला उखांब्याचे चित्र दाखवले. काळा, गोल, पोट सुटलेला, ओठाशी थोडी नक्षी. तिने तो हातात धरून बराच वेळ पाहिला.

"ह्येचं तोंड लई रुंद हाय," ती म्हणाली. "ह्यात वाफ कुठं ऱ्हाती?"

मी सांगितले की हिला भट्टी नसते, वाफ नसते. ज्वारीला मोड आणून नुसती आंबवतात.

"मग ही आंबिलच की," आजी म्हणाली. "ह्येच्यापायी बाईला कोण धरून नेतं?"